चौतीस घोडे आणि एक विजेता : संभाव्यतेचा एक वेगळा धडा



संभाव्यतेचा धडा म्हटला की पाठ्यपुस्तकात नाणे, फासा आणि बावन्न पत्ते येतात. त्यात एक मोठी सोय असते. फाशाच्या सहाही बाजू सारख्या असतात. नाणे दमत नाही, चिखलात घसरत नाही, मागच्या वेळी काय पडले हे त्याला आठवत नाही. म्हणून एका भागाकारात उत्तर निघते. व्यवहारात मात्र अशी सोय फार थोड्या ठिकाणी मिळते. तेथे माहिती अर्धवट असते, प्रत्येक पर्याय वेगळा असतो आणि तरीही अंदाज बांधावाच लागतो. असा अंदाज कसा बांधावा आणि त्यावर किती विश्वास टाकावा, हे समजून घेण्यासाठी आम्ही या वेळी एक चमत्कारिक वाटेल असे उदाहरण घेतले आहे : इंग्लंडमधील 'ग्रँड नॅशनल' ही घोड्यांची लांब पल्ल्याची अडथळ्यांची शर्यत.

पालकांनी कपाळाला आठ्या घालण्याआधी सांगून टाकतो, की ही पैजेची शिकवणी नव्हे. उलट, पैसे लावणाऱ्याच्या पदरी काय पडते याचा हिशेबही पुढे मांडला आहे.

आपल्या हैदराबादेत मलकपेठला रेसकोर्स आहे, मुंबईला महालक्ष्मीचे आहे. तेथील शर्यती सपाट मैदानावरच्या. महालक्ष्मीवर होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. ग्रँड नॅशनल लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथे दर एप्रिलमध्ये होते आणि तिचे अंतर जवळजवळ सात किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या डर्बीच्या तिपटीला थोडे कमी. वाटेत तीस उड्या. कुंपणे, चर आणि पाणी हे सारे ओलांडून शेवटच्या उडीनंतरही घोड्याला साडेचारशे मीटरच्या आसपास धावायचे असते. एका अडथळ्याला 'बेचर्स ब्रुक' म्हणतात, कारण १८३९ साली कॅप्टन बेचर नावाचा स्वार तेथील ओढ्यात पडला. अशा शर्यतींना स्टीपलचेस हे नाव पडले ते चर्चच्या उंच मनोऱ्यांवरून. एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मध्ये येईल ते ओलांडत घोडे पळवायचे, अशी तिची सुरुवात सांगतात.

वजनाचा खेळ

१८४३ पासून ही शर्यत 'हॅन्डिकॅप' पद्धतीने होते. ही पद्धत नीट समजली तर अर्धा धडा समजला.

मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ धावायला निघाले तर आपण धाकट्याला दहा पावले पुढे उभे करतो. येथे सुरुवात सर्वांची एकाच रेषेवरून असते, पण चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन दिले जाते. हॅन्डिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याच्या आजवरच्या शर्यती पाहून त्याला एक गुणांक देतो. एका घोड्याचा गुणांक १६० आणि दुसऱ्याचा १४६ असेल तर पहिल्याने दुसऱ्यापेक्षा १४ पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा किलो, जास्त वाहायचे. स्वार आणि खोगीर मिळून वजन कमी भरले तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरे करतात. हेतू असा, की सर्व घोडे शेवटी एकाच ओळीत पोहोचावेत. तसे कधी होत नाही, पण गणिती हेतू तोच.

हे खरोखर चालते का? १९७३ सालची शर्यत पाहा. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियातून आलेला दांडगा घोडा. त्याच्या पाठीवर १२ स्टोन, म्हणजे ७६ किलोंच्या वर वजन होते. रेड रमला १० स्टोन ५ पौंड, साधारण ६६ किलो. फरक २३ पौंडांचा. क्रिस्प इतका पुढे निघून गेला, की बाकीचे घोडे दुसरीच शर्यत धावत आहेत असे वाटावे. पण शेवटच्या सरळ रस्त्यावर त्याचे पाय जड झाले, तो इकडेतिकडे झुकू लागला, आणि अगदी अखेरच्या काही टापांत रेड रमने त्याला गाठले. अंतर पाऊण घोड्याचे! दोघांनीही जुना विक्रम कितीतरी सेकंदांनी मोडला होता. पुढे त्याच वर्षी डॉनकॅस्टरला हे दोघे समान वजनावर भेटले, तेव्हा क्रिस्प सहज जिंकला. म्हणजे क्रिस्प अधिक चांगला घोडा होता हे खरे, आणि नॅशनल रेड रमने जिंकली हेही खरे. जवळजवळ सात किलोमीटर आणि तीस उड्यांनंतर दोन घोड्यांत पाऊण घोड्याचे अंतर राहावे, ही हॅन्डिकॅपरच्या गणिताला मिळालेली मोठीच पावती होय. (क्रिस्पबद्दल हळहळ वाटते, तो भाग वेगळा. रेड रमने १९७४ साली स्वतः १२ स्टोन वाहून पुन्हा शर्यत जिंकली, आणि १९७७ साली तिसऱ्यांदा.)

तेव्हा 'सर्वांत चांगला घोडा कोणता?' हा प्रश्न येथे निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर हॅन्डिकॅपरला आधीच ठाऊक आहे आणि ते त्याने घोड्याच्या पाठीवर लादलेले आहे. योग्य प्रश्न असा : हॅन्डिकॅपरच्या आकड्यात न आलेले आपल्याला काय दिसते?

आकडा कोठे मागे राहतो

पहिली जागा काळाची. नॅशनलची वजने फेब्रुवारीत जाहीर होतात आणि शर्यत एप्रिलमध्ये. मधल्या काळात एखादा घोडा दुसरीकडे चमकला तरी त्याचे नॅशनलचे वजन वाढत नाही. २०१९ साली टायगर रोलने मार्चमध्ये चेल्टनहॅम येथे २२ घोड्यांच्या अंतराने शर्यत जिंकली. नॅशनलचे वजन मात्र फेब्रुवारीतलेच राहिले. २०२३ साली कोरॅक रॅम्बलरचे असेच झाले. तोही मार्चमध्ये चेल्टनहॅमला जिंकला आणि एप्रिलमध्ये जुन्याच वजनावर धावला. दोघेही आपापल्या वर्षी फेव्हरिट होते आणि दोघेही जिंकले. जुना आकडा आणि नवी माहिती यांतील ही फट म्हणजे अभ्यासूंना सापडणारी सर्वांत पक्की खूण होय, असे आमचे मत आहे. टायगर रोलची पुढची हकिकतही बोलकी आहे. २०२१ साली त्याला दिलेले वजन अन्यायाचे आहे असे म्हणत त्याच्या मालकांनी नावच मागे घेतले. आकडा ठरवणाराही माणूसच, तेव्हा वाद व्हायचाच.

दुसरी जागा दमाची. गुणांक बहुधा पाच किलोमीटरच्या आसपासच्या शर्यतींवरून ठरतो. त्यानंतरच्या दोन किलोमीटरांत काय होईल ते तो सांगत नाही. म्हणून जो घोडा याआधी फार लांब पल्ल्याच्या शर्यतीत टिकला आहे, त्याच्याकडे लक्ष द्यावे. बॉबीजो, नंबरसिक्सव्हॅल्व्हर्डी आणि आय ॲम मॅक्सिमस या तिघांनी आधी आयर्लंडची ग्रँड नॅशनल जिंकली आणि पुढच्याच वर्षी, अनुक्रमे १९९९, २००६ व २०२४ साली, एन्ट्रीची. अर्थ समिट तर स्कॉटलंडची, वेल्सची आणि शेवटी १९९८ साली एन्ट्रीची, अशा तिन्ही नॅशनल जिंकला. त्या दिवशी चिखल इतका होता, की अवघे सहा घोडे शेवटपर्यंत पोहोचले.

चिखल ही तिसरी जागा. १९९० साली कोरड्या, टणक मैदानावर मिस्टर फ्रिस्कने ८ मिनिटे ४७.८ सेकंदांत शर्यत संपवली. २००१ साली रेड मारॉडरला अकरा मिनिटे लागली. अंतर तेव्हा तेच होते, पण प्रत्यक्षात या दोन वेगळ्या परीक्षा होत्या. कोरड्या जमिनीवर पळणारा घोडा ओल्या जमिनीवर तसाच पळेल असे समजणे म्हणजे भूगोलाचे गुण पाहून संस्कृतच्या पेपराचा निकाल सांगणे! पाऊस केव्हा पडेल हे हॅन्डिकॅपरला फेब्रुवारीत कळत नाही. आपल्याला ते शर्यतीच्या सकाळी कळते.

उडी मारण्याची सफाई हाही मुद्दा आहेच. मागच्या दहा शर्यतींत चारदा पडलेला घोडा तीस उड्या निभावेल अशी आशा करू नये. याहून जास्त सांगण्यासारखे त्यात काही नाही.

फक्त विजेते मोजू नका

आता एका मोहाविषयी लिहायला हवे, कारण या शर्यतीवर लिहिणारे बहुतेक लोक त्यात अडकतात. जुन्या विजेत्यांची यादी घ्यायची आणि तिच्यातून नियम काढायचे, हा तो मोह.

१९८४ ते २००८ या काळात २४ शर्यती पूर्ण झाल्या. १९९३ सालची सुरुवातीच्या गोंधळामुळे रद्द ठरली होती. या २४ विजेत्यांपैकी ११ स्टोन किंवा त्याहून जास्त वजन वाहणारे केवळ दोन : १९८८ सालचा ऱ्हाइम अँड रीझन आणि २००५ सालचा हेजहंटर. लगेच नियम तयार झाला, की अकरा स्टोनच्या वरचा घोडा यादीतून काढून टाकावा. आणि मग काय झाले? २००९ ते २०१२ या चारही वर्षी विजेत्याच्या पाठीवर ११ स्टोन किंवा जास्त होते. पुढे २०१५, २०१९, २०२४ आणि २०२५ सालीही तसेच.

घोडे एकाएकी बलवान झाले काय? नाही. दोन कारणे दिसतात. हॅन्डिकॅपरने वरच्या घोड्यांवरचे ओझे थोडे हलके करण्याचे धोरण ठेवले. आणि शर्यतीत एकंदर घोडेच चांगले येऊ लागल्यामुळे ११ स्टोनच्या वर वजन असणाऱ्यांची संख्या वाढली. पूर्वी असे घोडे मूठभर असत, म्हणून त्यांचे विजयही मूठभर. अपूर्णांकात अंश पाहिला आणि छेद विसरलो, तर असेच फसायला होते.

वयाचेही तसेच. १९४० साली बोग्सकार सात वर्षांचा असताना जिंकला. त्यानंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळ सात वर्षांचा एकही घोडा जिंकला नाही, म्हणून सात हे वय बाद धरले गेले. २०२२ साली नोबल येट्स सातव्या वर्षी, एकास पन्नास भावाने जिंकला. त्या वयाचे धावतच मुळात थोडे, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते.

शिवाय परीक्षाच बदलली असेल तर जुने निकाल कसे लावायचे? २०१२ साली या शर्यतीत दोन घोडे दगावले. त्यांपैकी सिंक्रोनाइज्ड हा त्याच वर्षीचा चेल्टनहॅम गोल्ड कपचा विजेता होता. लोकांचा रोष झाला आणि तो योग्यच होता. पुढच्या वर्षापासून अडथळ्यांच्या आतील लाकडी गाभा काढून लवचिक प्लास्टिकचा बसवला. २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ केली आणि पहिली उडी सुरुवातीच्या जवळ आणली, म्हणजे घोडे तिच्यापर्यंत फार वेगाने पोहोचू नयेत. १९२८ साली ४२ घोड्यांपैकी दोघेच शेवटपर्यंत पोहोचले होते. २०२४ साली निम्म्याहून अधिक पोहोचले. घोड्यांचे प्राण वाचावेत यासाठी झालेला हा बदल आपल्या गणितातही शिरतो : पडण्याची शक्यता कमी झाली तर नशिबाचा वाटा कमी होतो, आणि जुन्या यादीचे मोल आणखी घटते.

नशीब किती?

नशीब संपले मात्र नाही. १९६७ साली तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वार गमावलेला एक घोडा आडवा धावला आणि मागून येणारा सारा जथा एकमेकांवर आदळून थांबला. फॉइनेव्हन नावाचा घोडा इतका मागे होता, की त्याच्या स्वाराला बाजूने वाट काढायला वेळ मिळाला. तो एकटा पलीकडे गेला आणि एकास शंभर भावाने जिंकला. आता त्या अडथळ्यालाच त्याचे नाव आहे. मागे राहिल्यामुळे जिंकणारा हा घोडा कोणत्या सूत्रात बसवणार? आणि वर सांगितलेला कोरॅक रॅम्बलर, २०२३ चा विजेता : २०२४ साली त्याचा स्वार पहिल्याच उडीला खाली आला.

आता भावाचे गणित. एकास आठ भाव म्हणजे एक रुपया लावला तर आठ मिळतात आणि आपला एक परत येतो. यामागची संभाव्यता १/९. समजा, ३४ घोडे अगदी सारखे आहेत. मग न्याय्य भाव एकास तेहतीस. पण बुकी सर्वांना एकास पंचवीस देतो. तुम्ही प्रत्येकावर एक रुपया लावलात तर ३४ रुपये गेले आणि कोणीही जिंकला तरी हातात आले २६. आठ रुपये बुकीचे, तेही घोड्याचे नावसुद्धा न पाहता! खऱ्या बाजारात भाव निरनिराळे असतात, पण सर्व भावांमागच्या संभाव्यतांची बेरीज केली तर ती एकापेक्षा जास्तच भरते. ही जास्तीची बेरीज हेच त्याचे उत्पन्न.

फेव्हरिटचे काय? २००१ ते २०२५ या काळात २४ शर्यती झाल्या. २०२० साली करोनामुळे शर्यत झाली नाही. यांत फेव्हरिट किंवा संयुक्त फेव्हरिट सहा वेळा जिंकला : २००५, २००८, २०१०, २०१९, २०२३ आणि २०२४. चारात एक. हे वाईट नाही. पण याच काळात एकास तेहतीस किंवा त्याहून मोठ्या भावाचे घोडे आठ वेळा जिंकले. म्हणून मोठ्या भावाचा घोडा निवडावा काय? पुन्हा छेद आठवा. फेव्हरिट दर वर्षी एक किंवा दोन, आणि तेहतीसच्या वरचे घोडे मात्र डझनावारी. त्यांच्यापैकी कोणीतरी जिंकणे आणि आपण निवडलेला जिंकणे यांत फार अंतर आहे.

दहा वर्षांचा हिशेब

समजा, एका अभ्यासूने वजन, दम, मैदान आणि उडी हे सारे तोलून असा घोडा निवडला, की त्याच्या विजयाची खरी संभाव्यता १/६ आहे. आंधळ्या निवडीच्या १/३४ पेक्षा ही पाचपटीहून जास्त, म्हणजे कौशल्य खरेच आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली घोड्यांच्या शर्यती हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला होता. पण शर्यत वर्षातून एकदाच. दहा वर्षांत हा अभ्यासू एकदाही न जिंकण्याची संभाव्यता (५/६) चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.१६. अशा सहा अभ्यासूंपैकी एक दहा वर्षे रिकाम्या हाताने परतणार.

आता शेजारी एक गृहस्थ आहेत. ते डोळे मिटून चिठ्ठी उचलतात. इंग्लंडात त्या दिवशी घरोघरी आणि कचेऱ्यांत अशा चिठ्ठ्या काढतातच. दहा वर्षांत त्यांचा घोडा एकदा तरी लागण्याची संभाव्यता १ वजा (३३/३४) चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.२६. चारांत एक!

म्हणजे दहा वर्षांनी अभ्यासू हात हलवत उभा आणि चिठ्ठीवाले गृहस्थ 'मला घोड्यातले कळते' असे चारचौघांत सांगत आहेत, हे दृश्य मुळीच अशक्य नाही. एका निकालावरून निवडणाऱ्याची पारख करता येत नाही, आणि या शर्यतीत दहा निकालांवरूनही नीट येत नाही. वर्तमानपत्रात 'यंदाचा विजेता आम्हीच सांगितला होता' असे छापून येते, तेव्हा त्याआधीच्या नऊ वर्षांची पाने मागून घ्यावीत.

सरावासाठी

तीन घोडे घ्या. 'क'चे वजन ११ स्टोन ८ पौंड. तो सहा किलोमीटरची शर्यत जिंकलेला आहे आणि ओल्या मैदानावर चांगला धावतो. 'ख'चे वजन १० स्टोन ४ पौंड. वजने जाहीर झाल्यानंतर तो पाच किलोमीटरची शर्यत पंधरा घोड्यांच्या अंतराने जिंकला, पण तीही कोरड्या मैदानावर. 'ग'चे वजन १० स्टोन २ पौंड, गेल्या आठ शर्यतींत तीनदा पडला. शर्यतीच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला आहे. प्रत्येकाच्या विजयाची संभाव्यता किती धराल? शर्यतीत आणखी ३१ घोडे आहेत हे विसरू नका. तुमच्या तिन्ही उत्तरांची बेरीज १/२ च्या पुढे गेली असेल, तर त्या ३१ घोड्यांना काय उरले ते तपासा आणि उत्तरे पुन्हा मांडा. मग बुकीने 'ख'ला एकास सहा भाव दिला असेल तर तो तुमच्या उत्तराशी जुळतो का, तेही लिहा. आकडा कोणता आला याला गुण नाहीत. तो कसा आला हे चार ओळींत लिहिणाऱ्यांची उत्तरे पुढील अंकात देऊ.